पुढची ओळ

भविष्य म्हणजे काही नसतं हो,
आधी वाचलेली संहिता असते.
एकतीस वर्षं मी विंगेत बसतेय,
मांडीवर वही, वहीवर विजेरी,
पायांशी गरम पाण्याची बाटली.
स्कॉटलंडचा हा किनारा, त्यात जानेवारी,
टाउन हॉलच्या समुद्राकडच्या फटी
कुणी कधी बुजवल्याच नाहीत.

नाटक जुनंच. एक सरदार, एक नावाडीण.
ती त्याला सांगते :
समुद्र तुझा उंबरठा ओलांडत नाही
तोवर मुकुट तुझा.
तो हसतो. झोपलेल्या राजाचा गळा चिरतो
आणि लाटांचा आवाजसुद्धा पोचणार नाही
इतक्या उंचावर किल्ला बांधतो.
पाचव्या अंकात
बुडालेल्या खलाशांच्या बायका डोंगर चढून येतात,
त्यांच्या घागऱ्यांतून खारं पाणी ठिबकतं
उंबरठ्याच्या आत.
बस. एवढ्यावर संपतो माणूस.

अकरा हंगाम राजा म्हणजे अ‍ॅलस्डेअर गेडिस.
मंगो रेनी त्याचा मशालजी.
अकरा हंगामांत त्याला वाक्य एकच :
"घोडे तयार आहेत, महाराज."

मंगोच्या कॉलरचं बटण टाचताना
दोरा दातांत धरून मी म्हणाले,
गेडिसचे गुडघे काही हा हिवाळा काढत नाहीत,
पुढचा राजा तूच.
असंच म्हणाले. चहा निवत होता,
काहीतरी बोलायचं म्हणून.
त्यानं मान अशी झटक्यात वळवली
की सुई गळ्यात जायची.

पुढच्या गुरुवारी
मागच्या जिन्यावरचा दिवा गेलेला
आणि चौथ्या पायरीवर हेरिंगचं तेल.
मासळीच्या गावात तेल कुठंही सांडतं,
पोलीस म्हणाला. मीही म्हणाले.
मंगोच्या हातांना मात्र त्या रात्री
साबणाचा वास होता.
नको इतका.

नऊ रात्री तो राजा झाला.
खोटं कशाला बोलू, गेडिसपेक्षा सरस झाला.
मुकुट चढताना मानेत जी भीती उतरायला हवी
ती गेडिसला कधी जमली नव्हती.
मंगोला ती करावी लागत नव्हती.
त्याची बायको उना रोज नवी टोपी घालून यायची,
बेकरीवाला तिला पावाचे पैसे मागेना.

दहाव्या रात्री गेडिस आला.
पहिली रांग, मधली खुर्ची,
कुबड्या मांडीवर आडव्या.

पाचवा अंक. बायका आल्या.
मासळी कापणाऱ्या आमच्याच सहाजणी,
घागरे बादलीत बुचकळून मीच पाठवल्या होत्या.
पाणी ठिबकलं.
मंगो बघत राहिला. पाण्याकडे नाही,
कुबड्यांकडे.

पुढची ओळ आहे : "हे पाणी मी ओळखतो."
चार शब्द.
वही उघडी होती, विजेरी चालू होती.
माझे ओठ हलले, एवढं आठवतं.
आवाज मी काढला नाही.
का, ते विचारू नका;
त्या बटणाचा दोरा
अजून माझ्या दातांत होता.

कुणीतरी खोकलं.
कुणाच्या तरी गोळीचा कागद चुरचुरला.
आणि मग पहिल्या रांगेतून, हळू,
आजाऱ्याला पेज भरवावी तशा आवाजात
गेडिस म्हणाला :
"हे पाणी मी ओळखतो."

लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे.

मंगोनं ती ओळ घेतली नाही.
मुकुट उतरवला, पुठ्ठ्याचाच तो,
ओल्या फळीवर ठेवला,
आणि माझ्या बाटलीला ठेचकाळत
मागच्या दारानं बंदराकडे निघून गेला,
अंगावर राजाचा झगा तसाच.
उघड्या दारातून वारा आला, मिठाचा.

पडदा ओढणारा पोरगा माझ्याकडे बघत होता,
ओढू का, ओढू का.
मी वही चाळत होते.
पुढे पानंच पानं होती,
आणि त्यातलं एकही
आता होणार नव्हतं.